धुराचें पाणी व पाण्याची वाट

आमच्या परंड्यासारख्या कोरड्या मुलुखांत, घरांतील पाणी बाहेर कसें घालवावें हें शिकविण्यास कोणी बसला तर लोक त्यास हंसतील. पर्जन्यछायेंतला हा तालुका. येथें पिढ्यान्‌पिढ्या विचार झाला तो पाणी घरांत कसें येईल व आलेलें कसें टिकेल याचाच. तरीहि या महिन्यांत पाणी घालविण्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे; आणि तें पाणी नदीनाल्याचें नव्हे, तर प्रत्यक्ष अग्नीच्या पोटांतून निघालेलें आहे.

निमित्त असें. आपल्या वाचकवर्गांत ज्यांचें एखादें मूल परदेशीं आहे अशीं घरें आतां थोडीं राहिलेलीं नाहींत. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणास म्हणून, अथवा नातवंडांच्या ओढीनें, येथील आई-वडील सहा सहा महिने इंग्लंडांत जाऊन राहतात. मुलें सकाळीं कामावर जातात आणि दिवसभर घर या दोघांच्या स्वाधीन असतें. अशा घरीं राहून आलेल्या मंडळींच्या तोंडून तीन प्रश्न वारंवार ऐकूं येतात. भिंतीवर टांगलेला तो गॅसचा बॉयलर, ज्यावर साऱ्या घराची ऊब अवलंबून, तो नेमका कडाक्याच्या थंडींतच कां रुसून बसतो? त्याच्या धुराड्यांतून पांढरा धूर निघतो, तो धोक्याचा आहे काय? आणि त्याच्या एका नळींतून बाहेर जें स्वच्छ पाणी ठिबकत असतें तें फुकट कां दवडावें, तुळशीस घातलें तर चालणार नाहीं काय? हा तिसरा प्रश्न इंग्लंडांत जन्मलेल्या माणसाच्या मनांत सहसा यावयाचा नाहीं. तो आपल्याकडच्या, उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहिलेल्या माणसाचाच प्रश्न आहे. या तिन्ही प्रश्नांचें मूळ एकच असल्यामुळें त्यांचा विचार एकत्र करणें सोयीचें होईल.

अग्नींतून पाणी कसें निघतें?

अग्नि आणि जल हीं परस्परांचीं वैरी, असेंच आपण लहानपणापासून मानीत आलों. तैत्तिरीय उपनिषदांत मात्र सृष्टीच्या उत्पत्तीचा क्रम सांगतांना अग्नीपासून जल झालें असें म्हटलें आहे. त्यावरून आपल्या ऋषींस अर्वाचीन रसायनशास्त्र अवगत होतें असें म्हणण्याचा मोह सुज्ञांनीं आवरावा; तेथील विषय निराळा आहे. परंतु अग्नींतून खरोखरीच पाणी निघतें हें आपणांस स्वयंपाकघरांत रोज पाहतां येतें.

थंड पाण्यानें भरलेलें एक पातेलें बाहेरून कोरडें पुसून गॅसच्या शेगडीवर ठेवावें. ज्योत लागतांच पहिल्या मिनिटाच्या आंत पातेल्याच्या बाहेरच्या अंगास धुक्यासारखा ओलावा धरतो. कधीं कधीं एखादा थेंब सुटून ज्योतींत चर्र होतो. नवशिक्या मुलीस वाटतें, पातेलें गळकें निघालें. पण पातेलें जरा तापलें कीं तो ओलावा आपोआप नाहींसा होतो. हें पाणी पातेल्यांतलें नव्हे, तें ज्योतींतलें. जळाऊ वायूंत कार्बन व हायड्रोजन हीं दोन मूलद्रव्यें असतात. हवेंतील ऑक्सिजनशीं त्यांचा संयोग झाला म्हणजे कार्बनचा कार्बन डायॉक्साइड होतो आणि हायड्रोजनचें पाणी होतें. हायड्रोजन जळून पाणीच तयार होतें, हें हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानें आपल्या १७८४ सालच्या निबंधांत मांडलें.

हें पाणी थोडें थोडकें नसतें. आपल्या घरांतील १४.२ किलोचा सिलिंडर पूर्णपणें जळला म्हणजे त्यांतून सुमारें २२ लिटर, म्हणजे दीडएक घागर, पाणी उत्पन्न होतें. तें वाफेच्या रूपानें स्वयंपाकघराच्या हवेंत मिसळून जातें म्हणून आपल्या ध्यानांत येत नाहीं इतकेंच. इंग्लंडांत घरोघर नळानें जो वायु येतो तो मुख्यतः मिथेन असतो. त्यांत हायड्रोजनचें प्रमाण अधिक, म्हणून त्याचें पाणीहि अधिक. एक घनमीटर वायु जळाला कीं सुमारें १.६ लिटर पाणी.

वाफेंत लपलेली उष्णता

आतां या पाण्याची वाफ होऊन जाऊं देण्यांत काय तोटा आहे तो पाहूं. एक किलो पाणी शून्य अंशापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु त्याच उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करण्यास आणखी सुमारें ५४० किलोकॅलरी लागतात, आणि एवढी उष्णता गिळूनहि उष्णतामापकाचा पारा एक रेषाभर वर चढत नाहीं. ही उष्णता जाते कोठें? ती वाफेंत लपून राहते. ग्लासगो येथील अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनीं अठराव्या शतकाच्या सातव्या दशकांत हा शोध लाविला व तिला गुप्त उष्णता असें अर्थाचें नांव दिलें. वाफेचें पुन्हां पाणी झालें कीं ही गुप्त ठेव ती जशीच्या तशी परत करते. कुकरच्या वाफेनें भाजलेला हात उकळत्या पाण्यानें भाजलेल्या हातापेक्षां अधिक पोळतो तो याच कारणानें. वाफ कातडीवर पाणी होतांना आपली सारी ठेव तेथेंच मोकळी करते.

मिथेन जाळल्यानें जी एकंदर उष्णता मिळते तिचा सुमारें दशांश या वाफेंत गुप्त रूपानें असतो. आपला तांब्याचा बंब डोळ्यांपुढें आणावा. मधोमध धुराची नळी, तिच्याभोंवतीं पाणी, खालीं जाळी व राखेची जागा. बंबफोड, तुराट्या, पऱ्हाट्या, जें हातीं लागेल तें वरून टाकावें आणि तोटीनें कढत पाणी काढावें. या बंबाचा धूर चांगला तापलेलाच वर निघून जाई, आणि त्याबरोबर जळणांतली वाफहि आपली ठेव घेऊन आढ्याबाहेर जाई. इंग्लंडांतील जुने बॉयलरहि या बाबतींत आपल्या बंबाचेच चुलत भाऊ होते. धूर उष्ण असला तरच तो धुराड्यांतून वर चढतो, म्हणून त्यास उष्ण ठेवणें भागच होतें.

नव्या बॉयलरांत युक्ति केली ती अशी. साऱ्या खोल्यांतून फिरून, आपली उष्णता देऊन निवालेलें पाणी परत येतें. त्या पाण्याच्या नळ्यांवरूनच हा धूर नेला जातो. धूर इतका निवतो कीं त्यांतली वाफ पाणी होऊन ठिबकूं लागते आणि तिच्यांतली गुप्त उष्णता त्या परतलेल्या पाण्यास मिळते. निवालेला धूर आपल्या बळावर वर चढत नाहीं, म्हणून त्यास ढकलण्यास एक लहानसा पंखा ठेवलेला असतो. १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्यें नवा गॅसचा बॉयलर बसवावयाचा तर कांहीं अपवाद वगळतां तो याच जातीचा असला पाहिजे असा नियम झाला. त्यामुळें आज तेथें आपल्या मुलांच्या घरीं जो बॉयलर दिसतो तो बहुधा हाच.

येथें एक गोष्ट ध्यानीं धरण्यासारखी आहे. या धुरांतली वाफ सुमारें ५५ अंशांच्या खालीं आल्यावरच पाणी होऊं लागते. शेगडीवरच्या पातेल्याचें उदाहरण येथेंहि लागू पडतें. तें थंड होतें तोंवर ओलावा धरला, तापतांच तो गेला. म्हणून बॉयलरमधून निघणारें पाणी कोणी हौसेनें ८० अंशांवर ठेवलें आणि तें फारसें न निवतां परत आलें, तर वाफ वाफच राहते व बॉयलरचा मोठेपणा नांवापुरता उरतो. २०२२ च्या हिवाळ्यांत इंधन फार महागलें तेव्हां, ज्या बॉयलरला पाण्याची वेगळी टांकी नसते त्याचें पाणी ६० अंशांवर आणून ठेवावें, असा उपदेश तेथील सरकारनेंच लोकांस केला. जेथें गरम पाणी टांकींत सांठवून ठेवितात तेथें मात्र टांकींतल्या पाण्याची उष्णता ६० अंशांखालीं उतरूं देऊं नये. कोमट सांठ्यांत रोगजंतु वाढतात.

यावरून एक सोपी खूण मिळते. बॉयलर चालू असतां त्याच्या नळींतून पाणी ठिबकत असेल तर तो आपलें काम नीट करीत आहे असें समजावें. त्या ठिबकण्यास गळती समजून नळीचें तोंड बोळ्यानें बुजविण्याचा उद्योग कोणीं करूं नये. पूर्ण ज्योतीवर चालणारा घरगुती बॉयलर तासास दोनेक लिटरपर्यंत पाणी काढूं शकतो.

धूर कीं बाष्प?

न्यायशास्त्र शिकलेल्यांस धुरावरून अग्नीचें अनुमान हें उदाहरण तोंडपाठ असतें. पण त्याच शास्त्रानें दिलेला दुसरा इशारा आपण विसरतों. सरोवरावर उठलेलें बाष्प दुरून पाहून त्यास धूर समजलें, तर त्यावरून केलेलें अनुमान फसतें. कारण मुळांत हेतूच खोटा. इंग्लंडांतल्या त्या पांढऱ्या लोटाविषयीं असाच भ्रम होतो. तो धूर नव्हे, तें बाष्प होय. धुरांतली जी वाफ आंत पाणी होण्याची राहिली ती बाहेरच्या थंड हवेंत येतांच धुक्यासारखी दिसूं लागते. बाहेर थंडी जितकी अधिक तितका लोट मोठा. तो पाहून घाबरण्याचें कारण नाहीं.

परंतु उलट बाजूनेंहि अनुमान फसूं शकतें, आणि तें अधिक घातक आहे. ज्वलन अपुरें झालें तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु होतो. त्यास ना रंग, ना वास. येथें धूर दिसत नाहीं म्हणून भय नाहीं असें म्हणतां येत नाहीं. डोळा व नाक ही दोन्ही प्रमाणें निरुपयोगी ठरतात. म्हणून जेथें बॉयलर आहे तेथें या वायूची सूचना देणारें लहानसें यंत्र असलेंच पाहिजे, आणि तें चालू आहे कीं नाहीं हें त्याची कळ दाबून अधूनमधून पाहिलें पाहिजे. मुलाच्या घरीं तें नसेल तर आईबापांनीं तें घ्यावयास लावावें. नातवास आणलेल्या खेळण्यांपेक्षां ही भेट मोलाची ठरेल.

तुळशीचा प्रश्न

आतां त्या ठिबकणाऱ्या पाण्याकडे वळूं. दिसावयास तें स्फटिकासारखें असतें, पण तें आंबट आहे. ज्वलनांत झालेला कार्बन डायॉक्साइड आणि नायट्रोजनचीं कांहीं ऑक्साइडें त्यांत विरघळून त्याचें सौम्य आम्ल होतें. पदार्थाचा आंबटपणा मोजण्याचें जें पी.एच. नांवाचें मान आहे, त्यांत शुद्ध पाण्याचा अंक ७ आहे; अंक जितका लहान तितकें आम्ल तीव्र, आणि एक अंक उतरला कीं आम्लता दसपट वाढते. बॉयलरच्या पाण्याचा अंक साधारण ३ ते ५ असतो. म्हणजे टोमॅटोच्या रसाच्या आसपासचा हा आंबटपणा झाला. चुकून हातावर पडलें तर भिण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. हात धुवून टाकावा. पण रोज तेंच पाणी घातलें तर कुंडींतल्या मातीचा कस बिघडेल. तेव्हां तुळशीस तें घालूं नये, पिण्यास किंवा पूजेच्या पाण्यांत घेण्याचा तर प्रश्नच नाहीं. स्वच्छ दिसणें आणि शुद्ध असणें यांतला भेद आपल्या घरांतून सोवळ्याच्या निमित्तानें सर्वांस ठाऊक असतोच. येथें तो रसायनशास्त्राच्या आधारें पाळावा.

या आंबटपणामुळें नळीहि धातूची चालत नाहीं. आपण ताम्हन, पळी, पंचपात्री चिंचेनें घासतों तेव्हां काय होतें? चिंचेचें आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवून टाकतें आणि भांडें लख्ख होतें. तेंच आम्ल रात्रंदिवस, वर्षानुवर्षें तांब्याच्या नळींतून वाहूं लागलें तर थर गेल्यावर तें तांब्यासच खाईल. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची गत त्याहून वाईट. म्हणून या पाण्याची नळी प्लॅस्टिकचीच असावी लागते. जेथें गटार जवळ नाहीं तेथें जमिनींत खड्डा करून त्यांत चुनखडीचे खडे भरतात व त्यांत हें पाणी सोडतात. चुनखडीनें आम्ल मारलें जातें आणि पाणी मातींत मुरतें. हा खड्डा घराच्या पायापासून निदान अर्धा मीटर दूर असावा.

पाण्याला वाट कशी द्यावी?

बॉयलरमधून पाणी निघतें तेथें प्रथम एक वांकडी नळी असते व तिच्यांत थोडें पाणी नेहमीं उभें असतें. आपल्याकडे मोरीच्या जाळीखालीं गवंडी नहाणी ट्रॅप बसवितात, त्यांतलें पाणी गटाराची घाण घरांत येऊं देत नाहीं. तोच हा उपाय. फरक एवढाच कीं येथें पाण्याचा पडदा जळलेल्या वायूस नळीवाटें निसटूं देत नाहीं. म्हणून बॉयलर प्रथम चालू करण्यापूर्वीं हा सांपळा पाण्यानें भरून घ्यावा लागतो.

तेथून पुढें सर्वांत चांगली वाट म्हणजे घराच्या आंतूनच नेऊन सांडपाण्याच्या नळास जोडलेली. स्वयंपाकघराच्या मोरीचें साबणाचें पाणी त्यांत मिसळलें तर आणखी चांगलें. साबणाचा क्षार आम्लास सौम्य करतो, आणि घरांतल्या उबेमुळें पाणी गोठण्याची धास्ती राहत नाहीं. ज्या नळांत केवळ पावसाचें पाणी वाहतें त्यांत मात्र हें सोडूं नये, कारण तें पुढें ओढ्यानाल्यास मिळतें.

नळी बाहेरूनच न्यावी लागली तर तीन नियम पाळावे लागतात. पहिला उताराचा: दर मीटरास निदान ४५ मिलिमीटर. आपल्या जुन्या मापांत सांगावयाचें तर दर हातास एक अंगुळ आणि किंचित अधिक. दुसरा जाडीचा: बाहेरच्या भागांत नळीचा आंतला व्यास ३० मिलिमीटरांहून कमी नसावा. तिसरा लांबीचा व पांघरुणाचा: नळी तीन मीटरांपेक्षां लांब नसावी, वांकणें शक्य तितकीं थोडीं असावींत, आणि पाण्यानें न भिजणारें जाड वेष्टण तिच्यावर असावें. पुष्कळ घरीं मात्र बोटाएवढी उघडी नळी सरळ भिंतींतून बाहेर काढलेली दिसते. सहस्रावधि रुपयांचें यंत्र बसवून शेवटच्या चार हात नळींत काटकसर करावयाची, हा प्रकार केवळ आपल्याच देशांत घडतो असें नाहीं.

बाहेर उघड्यावर सोडलेल्या नळीखालीं बादली ठेवणें हेंहि धोक्याचें. बादली भरली, नळीचें तोंड पाण्यांत बुडालें आणि रात्रीं तें पाणी गोठलें, कीं वाट बंद झालीच.

गोठलेली नळी

आतां पहिल्या प्रश्नाचें उत्तर वाचकांनींच ओळखलें असेल. थंडीचा कडाका पडला कीं बॉयलर अधिक वेळ चालतो, पाणीहि अधिक निघतें, आणि नेमकी त्याच वेळीं बाहेरची नळी सर्वांत थंड असते. थेंब थेंब करून आलेलें पाणी नळीच्या अंगास चिकटून गोठतें, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, आणि अखेर नळी बुजते. मग मागचें पाणी तुंबून बॉयलरच्या पोटांत चढूं लागतें, आंतील रक्षक यंत्रणा तें ओळखते व ज्योत बंद करते. म्हणजे हें रुसणें नव्हे, तें शहाणपणच होय. २०१० चा डिसेंबर हा ब्रिटनमधील १९१० पासूनच्या नोंदींत सर्वांत थंड डिसेंबर ठरला. त्या महिन्यांत असंख्य घरांतले बॉयलर याच एका कारणानें बंद पडले. यंत्रांत कांहींहि बिघाड नव्हता. बिघडली होती ती फक्त पाण्याची वाट. याच अनुभवानंतर नळीच्या जाडीविषयीं व वेष्टणाविषयीं तेथें अधिक कटाक्षानें सांगण्यांत येऊं लागलें. कांहीं बॉयलरांत आतां पाणी थोडें सांठवून एकदम सोडण्याची योजना असते. थेंबापेक्षां असा लोंढा ऊनऊनच पुढें निघून जातो व सहसा गोठत नाहीं.

मुलें बाहेर गेलेलीं, बाहेर बर्फ, आणि घर हळूहळू गारठूं लागलेलें. अशा वेळीं घरांतल्या वडील मंडळींनीं काय करावें? प्रथम, बॉयलरमधून हंड्यांत पाणी गुरगुरावें तसा आवाज येतो काय, आणि त्याच्या पाटीवर बिघाडाचा आंकडा दिसतो काय, हें पाहावें. दोन्ही असून बाहेर थंडी गोठणबिंदूच्या खालीं असेल तर नळीच गोठली असण्याचा संभव अधिक. नळी जमिनीवरून हात पोंचेल एवढ्या उंचीवर असेल तरच पुढील उपाय करावा. शिडीवर चढण्याचें साहस करूं नये. गरम पाण्याची रबरी पिशवी, किंवा गरम पाण्यांत पिळलेलें फडकें नळीच्या वांकणावर व तोंडाशीं धरावें, अथवा कोमटाहून थोडें ऊन असें पाणी तांब्यानें हळूहळू ओतावें. उकळतें पाणी ओतूं नये. गारठलेलें प्लॅस्टिक त्यानें तडकतें. ओतलेलें पाणी फरशीवर सांडून गोठतें व तीवरून पाय घसरतो, हेंहि विसरूं नये. सत्तरीच्या माणसाचें मोडलेलें हाड बॉयलरपेक्षां पुष्कळ महाग पडतें. बर्फ सुटून पाणी वाहूं लागलें कीं बॉयलरची पुनरारंभाची कळ दाबावी. तरीहि तो चालू न झाल्यास मुलास कळवावें व जाणता कारागीर बोलवावा. बॉयलरचें झांकण मात्र स्वतः कधींहि उघडूं नये. तेथें गॅसच्या उपकरणास हात लावण्यास, गॅस सेफ रजिस्टरमध्यें ज्याची नोंद आहे अशाच माणसास कायद्यानें परवानगी आहे. तोंवर एका खोलींत सर्वांनीं बसावें, दारें लावून घ्यावीं, लोंकरीचे कपडे चढवावे आणि विजेची शेगडी असल्यास ती वापरावी. ऊब हवी म्हणून बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटविणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय.

आपल्या घरचा विचार

परदेशाचें हें पुराण आम्हांस कशाला, असें ज्यांस वाटेल त्यांनीं आपल्याच न्हाणीघरांत पाहावें. परंड्यांतहि आतां बंब माळ्यावर गेले आणि गॅस गिझर आले. त्यांत ज्योत तीच, पाणी तेंच, वायु तेच. पण पुष्कळ ठिकाणीं धुरास बाहेर जाण्यास वाटच ठेवलेली नसते. चार हात लांबरुंद न्हाणीघर, थंडीच्या भयानें लावलेली खिडकी, आंतून घातलेली कडी आणि भिंतीवर पेटलेला गिझर. ऑक्सिजन कमी होत जातो, ज्वलन अपुरें होतें आणि तोच विषारी वायु खोलींत भरतो. आंघोळीस गेलेलें तरुण मूल बाहेर आलेंच नाहीं, अशा बातम्या हिवाळ्यांत आपल्या महाराष्ट्रांतल्या वर्तमानपत्रांतून येतात. बंबाचा धूर डोळ्यांत झोंबे म्हणून तो अंगणांत किंवा परसांत असे. या धुरास झोंबण्याचा गुण नाहीं म्हणून आपण त्यास घरांत घेतलें. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत बसवावा आणि नळानें पाणी आंत घ्यावें, हाच खरा उपाय. तें होईपर्यंत निदान बादली भरून घेऊन, गिझर बंद करून, मगच दार लावावें.

वातानुकूलन यंत्राचेंहि असेंच. त्याच्या नळींतून ठिबकतें तें पाणी ज्योतींतलें नव्हे, खोलींतल्या हवेंतलें; थंडगार नळ्यांवर हवेंतली वाफ निवून तें होतें. म्हणून आमच्याकडे वैशाखाच्या कोरड्या हवेंत तें थोडें येतें आणि पावसाळ्यांत पुष्कळ येतें. यांत ज्वलनाचें आम्ल नसल्यामुळें तें फरशी पुसण्यास व झाडांस खुशाल वापरावें, पिण्यास मात्र नको. नळ्यांवरची धूळ व जंतु त्यांत उतरतात. बसवितांना भिंतींतल्या भोंकास व नळीस बाहेरच्या बाजूस उतार ठेवला नाहीं, तर हेंच पाणी खोलींतल्या भिंतीवर ओघळतें. नियम तोच, फक्त देश बदलला.

अग्नि घरांत आणला म्हणजे त्याच्याबरोबर दोन पाहुणे येतातच, एक वायु व दुसरें पाणी. पूर्वीं ते दोघेहि एकाच धुराड्यानें आपले आपण जात. आपण हुशारीनें त्यांच्याजवळची उरलीसुरली उष्णता काढून घेतली; आतां त्यांना बाहेर पोंचविण्याची जबाबदारीहि आपलीच झाली. इंधनांतला दहावा हिस्सा वांचविणारें यंत्र एका नळीच्या उतारावर अडून बसतें, यांत यंत्राची थट्टा नाहीं. लाभाबरोबर येणारें तें एक लहानसें कर्तव्य आहे. तेव्हां यंदा ज्यांस मुलांकडे जावयाचें असेल त्यांनीं पहिल्या आठवड्यांतच, कडाका पडण्यापूर्वीं, मुलास बरोबर घेऊन ती पांढरी नळी कोठून निघते व कोठें संपते, तिला उतार आहे काय, पांघरूण आहे काय, हें पाहून ठेवावें. आणि ज्यांस कोठेंच जावयाचें नाहीं त्यांनीं आजच सायंकाळीं आपल्या न्हाणीघराची खिडकी उघडते कीं नाहीं तेवढें पाहावें.